पुलावर उभं राहून पूल दिसत नाही

भाऊ, तुमचं विचारणं थोडक्यात असं: कापसाचे पैसे हाती आले की डिसेंबरच्या शेवटी बाबांना घेऊन कोलकात्याला जायचं आहे. बाबांनी जन्मभर वर्धा स्टेशनवर 'हावडा' पाटीच्या गाड्या जाताना पाहिल्या, बसले कधीच नाहीत. म्हणून एकदाचा तो हावडा ब्रिज त्यांना दाखवायचा. हातात दोन दिवस. जवळ जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली 18-55 ची लेन्स आणि एक बरा मोबाइल. फोटो कुठून काढायचा, किती वाजता, ट्रायपॉड न्यायचा का, आणि पोलीस अडवतात हे खरं का?

मी आर्वीकडचा. तीसेक वर्षांपासून लग्नाचे फोटो काढून पोट भरतो. हावड्याला पाचदा जाऊन आलो. पण सांगायची गोष्ट पहिल्या वेळेचीच आहे, कारण तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या फजितीत आहेत.

1996 साल. मी स्टुडिओत शिकाऊ होतो. गावातल्या एका मारवाडी घरचं लग्न कोलकात्यात होतं आणि फोटोवाला इथूनच न्यायचा होता. उस्तादांनी आपला याशिका कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि लग्नाचे रोल मोजून दिल्यावर वरून एक 36 चा रोल दिला. म्हणाले, "हावडा ब्रिज काढून आन. मोठा करून दुकानात लावू." गाडीतून उतरलो, वऱ्हाड सामान मोजत होतं तेवढ्यात मी खांद्यावरच्या बॅगसकट पुलावर पळालो आणि अर्ध्या तासात अख्खा रोल संपवला. परत आल्यावर उस्तादांनी रोल धुतला, निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिली आणि म्हणाले, "बाकी सगळं हाय रे. पूल कुठं हाय?"

खरंच नव्हता. कठडा होता, बसची पाठ होती, हमालाच्या डोक्यावरचं गाठोडं होतं, तिरप्या लोखंडी पट्ट्या होत्या. छत्तीसच्या छत्तीस फोटो पुलावर उभं राहून काढलेले, म्हणून एकातही पूल नव्हता. बंडीत बसलेल्याला बंडी दिसत नाही, तशी गत. तेव्हा फोटो काढायचा तर पुलावरून उतरायचं, हे पक्कं. आता प्रश्न उरला कोणत्या बाजूला उतरायचं, किती लांब जायचं आणि केव्हा.

आधी लांबीचा हिशेब करू, कारण तुमच्याकडे एकच लेन्स आहे. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 705 मीटर, आणि दोन उंच मनोऱ्यांमधला गाळा 1,500 फूट, म्हणजे 457 मीटर. तुमच्या कॅमेऱ्यात 18 वर, म्हणजे लेन्स सगळ्यात रुंद ठेवून, जेवढी रुंदी मावते ती अंतराच्या साधारण सव्वापट असते. म्हणजे पुलाच्या अगदी समोर उभं राहून तो पूर्ण घ्यायचा तर साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर मागं सरकावं लागतं. फक्त मनोऱ्यांमधला भाग हवा असेल तर पावणेचारशे मीटर पुरतात. पण समोर म्हणजे नदीचं पात्र! तिथं उभं राहायला जागा एकच, लाँच. म्हणून पूर्ण, सरळ, आडवा पूल हवा असेल तर फेरी बोटीत बसा. काठावरून तो तिरपाच दिसणार, जवळचं टोक मोठं आणि दूरचं लहान. मला तर तिरपाच आवडतो, त्यात त्याची लांबी कळते.

जायच्या आधी एक काम घरीच करून पाहा. तुमच्या हिंगणघाटच्या वणा नदीवरचा पूल घ्या. आधी वरून दहा फोटो काढा, मग खाली उतरून काठाकाठानं पावलं मोजत लांब जा आणि दर शंभर पावलांवर एक फोटो घ्या. घरी येऊन रांगेनं पाहा. कोणत्या अंतरावर पूल पुलासारखा दिसायला लागतो ते एका संध्याकाळी डोळ्यात बसेल. कोलकात्यात हे शिकायला वेळ मिळत नाही.

आता दिशा. हुगळी तिथं उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला हावडा, पूर्वेला कोलकाता, पूल आडवा पूर्व-पश्चिम. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून कलून जातो, हे आपल्या धुऱ्यावरच्या झाडाची सावली पाहूनही कळतं. म्हणजे पुलाच्या दक्षिण अंगावर ऊन, उत्तर अंगावर सावली. थंडीच्या दिवसांत गेलात तर पुलाच्या दक्षिणेलाच राहा. नशिबानं स्टेशन, फेरीचा घाट आणि फुलबाजार, तिन्ही त्याच बाजूला आहेत.

दक्षिणेला राहूनही काठ बदलला की फोटो बदलतो. सकाळी सूर्य कोलकात्याच्या मागून येतो. तेव्हा कोलकात्याच्या काठावर उभं राहून हावड्याकडे कॅमेरा केला की ऊन तुमच्या पाठीवर आणि पुलाच्या तोंडावर. संध्याकाळी उलटं, हावड्याच्या काठावरून कोलकात्याकडे पाहायचं. हे झालं पुलाचं लोखंड उजळलेलं हवं असेल तर. काळी आकृती आणि मागं तांबडं आभाळ हवं असेल तर नेमके काठ अदलाबदल करा. नेटवर दिसणारे निम्मे फोटो या दुसऱ्या प्रकारचे असतात. छान दिसतात, पण त्यात पुलाची कारागिरी काळ्या रंगात बुडून जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं उजळलेला पूल आधी काढावा असं माझं मत आहे.

वेळेच्या बाबतीत आपली माणसं हमखास फसतात. घड्याळ एकच, पण कोलकाता आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, म्हणून तिथं सूर्य वर्ध्यापेक्षा सुमारे 40 मिनिटं आधी उगवतो आणि मावळायची घाईही तेवढीच. डिसेंबरच्या शेवटी तिकडे सव्वासहाच्या आसपास उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो. आपल्या सवयीनं "साडेपाचला जाऊ, ऊन मऊ असते" म्हणून निघालात तर अंधारात पोहोचाल. माझी दुसरी खेप अशीच वाया गेली. चहा पीत बसलो होतो.

गाडीचं म्हणाल तर गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद या सगळ्या आपल्याच मार्गानं जातात. गीतांजलीनं बसलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, उशीर वेगळा. वाटेत सकाळी टाटानगर लागतं, तेव्हा बाबांना खिडकीशी बसवा. पुलाला 26,500 टन पोलाद लागलं, त्यातलं 23,000 टन इथल्या टाटांच्या कारखान्यातून गेलं. युद्धामुळे विलायतेहून माल येणं अवघड झालं होतं, तेव्हा इथं खास जातीचं मजबूत पोलाद तयार केलं गेलं. बाबा ज्या रुळांवरून हावड्याला चाललेत, त्याच दिशेनं ते लोखंड गेलं. पूल पाहण्याआधी त्याचं माहेर पाहून होतं.

दुपारी उतराल तेव्हा माझं पहिलं सांगणं: कॅमेरा बॅगेतच राहू द्या. दुपारचं ऊन तसंही कामाचं नसतं. सामान लॉजवर टाका, जेवा, आणि मोकळ्या हातानं बाबांसोबत पूल चालून जा. दोन्ही बाजूंना 15 फुटांचा पायरस्ता आहे. एकट्याला पंधरा मिनिटं लागतात, बाबांना घेऊन गर्दीतून अर्धा तास धरा. डोक्यावर ओझी घेतलेले हमाल मागून धावत येतात, ते थांबू शकत नाहीत. आवाज आला की कठड्याकडे सरका.

चालताना वर पाहा. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे लोखंडी दांडे वरून खाली आलेले दिसतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खांब वाटतात, जणू वरचा सांगाडा त्यांनी तोलून धरलाय. आहे उलटं. रस्ता त्या दांड्यांना टांगलेला आहे. नदीत एकही खांब नाही. बाबांना हे असं समजावा: बंडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की ती उलाळ होते, मग पुढं जुवावर कोणीतरी बसून दाबून धरावं लागतं. इथं दोन्ही काठांवरून दोन हात नदीवर पुढं आलेत, प्रत्येकी 468 फूट. ते उलाळ होऊ नयेत म्हणून मनोऱ्यांच्या मागं 325 फुटांचे दोन हात जमिनीला जखडून ठेवलेत. आणि पुढं आलेल्या दोन हातांच्या मधे 564 फुटांचा तुकडा टांगला आहे. बेरीज करून पाहा, बरोबर 1,500. माझ्या अनुभवात कास्तकाराला ही गोष्ट इंजिनिअरपेक्षा लवकर कळते.

तसंच हात लावून पाहा ते रिव्हेट. सांगाड्यात नटबोल्ट नाहीत, सगळे जोड तापवून ठोकलेल्या गोल डोक्यांच्या रिव्हेटचे. रंगाचे थर चढून चढून ती डोकी गुळगुळीत झाली आहेत, रुपेरी रंग लावलेल्या बोरांसारखी. दांड्यांच्या पायथ्याशी मात्र हात लावू नका, तिथं लाल पिचकाऱ्या असतात. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. 2011 मध्ये तपासणी झाली तेव्हा पायथ्याशी बसवलेल्या पोलादी आवरणाची जाडी पान-गुटख्याच्या थुंकीनं 6 मिलिमीटरवरून 3 वर आलेली सापडली, मग फायबरची आवरणं बसवावी लागली. तुमचे बाबा खर्रा खातात की नाही मला माहीत नाही, पण आपल्याकडचा माणूस आहे म्हणून सांगून ठेवलं.

पोलिसांचं. पुलावर फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या वर्षानुवर्षं आहेत. मोबाइलवर लोक सर्रास काढतात, त्यांना कोणी फारसं विचारत नाही. गळ्यात मोठा कॅमेरा दिसला किंवा ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते. वाजली तर हुज्जत घालू नका, कॅमेरा बॅगेत टाका आणि चालू लागा. धंद्याचं शूटिंग असेल तर पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्या बंदर खात्याची परवानगी काढावी लागते, तुम्हाला त्याची गरज नाही. ड्रोन तर घरीच ठेवा. आपण लग्नात लॉनवर उडवतो तसं तिथं चालत नाही. मला मात्र या मनाईचं कधी वाईट वाटलं नाही, कारण पुलावरून पूल निघत नाही हे उस्तादांनी आधीच सांगून टाकलं होतं. घाटांवर उभं राहून काढायला आजवर मला कोणी हटकलं नाही.

पहिल्या दिवशी साडेतीनपर्यंत हावड्याच्या काठावर परत या. स्टेशनसमोरच्या फेरीघाटाच्या आसपास किंवा अजून दक्षिणेला, किलोमीटरभर चालून, रामकृष्णपूर घाटाकडे. स्टेशनजवळून 18 ते 24 लागेल, रामकृष्णपूरकडून तीच लेन्स 50-55 पर्यंत न्या. लांबून काढल्यावर मनोरे एकमेकांच्या जवळ आल्यासारखे दिसतात आणि पूल भारदस्त वाटतो. जवळून 18 वर काढला की अलीकडचा मनोरा आभाळात घुसतो आणि पलीकडचा काडीएवढा होतो. दोन्ही काढा, कोणता आवडतो ते घरी ठरवा. कॅमेरा वर झुकवू नका, झुकवला की मनोरे मागं पडल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा कॅमेरा सरळ धरा आणि खाली जास्तीचं पाणी येऊ द्या, नंतर कापता येतं.

पूल रुपेरी-करडा आहे आणि मागचं आभाळ उजेडाचं. कॅमेरा आभाळाला भुलतो आणि पूल काळवंडतो. नवरीच्या मागं खिडकी असली की चेहरा काळा येतो, अगदी तेच. उजेडाचं बटण, ते +/- चं, अर्धा-पाऊण घर वर करा आणि स्क्रीनवर रिव्हेटचे जोड दिसतात का ते मोठं करून पाहा. आभाळ थोडं पांढरं झालं तरी चालेल. फाइल रॉ (RAW) मध्ये ठेवा.

सूर्य गेल्यावर लोक निघून जातात. तुम्ही जाऊ नका. पाच वाजून दहा मिनिटांपासून साडेपाचपर्यंत, जेमतेम वीस मिनिटं, आभाळ निळं असतं आणि पुलावर दिवे लागलेले असतात. पुढं आभाळ काळं झालं की काळ्यावर रंगीत दिवे एवढंच उरतं. जानेवारी 2020 पासून पुलावर नवी रंग बदलणारी रोषणाई आहे. जांभळा आणि गुलाबी रंग कॅमेऱ्यात फार लवकर फुटतात, नुसता डाग दिसतो. म्हणून इथं उजेड एक घर खाली ठेवा आणि पांढऱ्या रंगाचं ऑटो (व्हाइट बॅलन्स) बंद करा, नाहीतर दर फोटोत पुलाचा रंग वेगळा येईल. रंग बदलताना मधेच पांढरट-पिवळी छटा येते, तेव्हा लोखंड लोखंडासारखं दिसतं. तो क्षण पकडा.

या वीस मिनिटांसाठी आयएसओ 100, एफ 8, शटर दोन ते आठ सेकंद. म्हणजे कॅमेरा हलता कामा नये. आता ट्रायपॉडचा प्रश्न. न्या किंवा नका नेऊ, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती ध्यानात ठेवा. फेरीचा धक्का पाण्यावर तरंगणारा असतो. लाँच आली की तो हलतो, माणूस चालला की हलतो. उभं असताना पायाला कळत नाही, पण आठ सेकंदांच्या फोटोत सगळे दिवे दोन-दोन दिसतात. माझे एका संध्याकाळचे सगळे फोटो असे गेले आणि मी लेन्सला शिव्या देत बसलो होतो. रात्रीचा फोटो काठावरच्या पक्क्या बांधकामावरून, पायरीवरून किंवा भिंतीवरूनच काढायचा.

मी स्वतः ट्रायपॉड नेणं सोडलं. जुन्या जीन्सच्या पायाची थैली शिवली आहे, जाताना रिकामी नेतो आणि तिथं एक किलो तांदूळ घेऊन भरतो. घरी असलो तर ज्वारी. भिंतीवर थैली, थैलीत कॅमेरा दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. दगडासारखा बसतो. गर्दीत कोणाच्या पायात येत नाही, कोणाच्या डोळ्यातही नाही. तांदूळ शेवटच्या दिवशी घाटावर बसलेल्या एखाद्या बाईला देऊन टाकतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कोलकात्याच्या टोकाला. पूल उतरला की उजव्या हाताला, दक्षिणेच्या अंगाला, पुलाच्या अगदी पोटाशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. बाबांना दसऱ्याचा झेंडू माहीत आहे, शेरानं विकला जाणारा. इथं तो माळांच्या जुड्या करून येतो, नारिंगी आणि पिवळा, वेटोळ्याच्या वेटोळ्या, आणि त्या खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाचं फक्त नाक दिसतं. बाजारात वाट अडवून उभं राहू नका. एका कडेला भिंतीला टेका आणि माणसं तुमच्या समोरून जाऊ द्या. इथं मोबाइलच बरा, कॅमेऱ्यापेक्षा लवकर निघतो. एखाद्या विक्रेत्याचा जवळून फोटो हवा असेल तर मान हलवून विचारा, एक माळ विकत घ्या. पुढं पायऱ्यांवर लोक आंघोळ करत असतात. तिकडे कॅमेरा करताना आपल्या घाटावर परक्यानं केला तर कसं वाटेल एवढं मनात आणा. बायका असतील तर लेन्सवर झाकणच लावा.

घाटावर बाजारामागच्या इमारतींची सावली बराच वेळ असते, तरी घाई करू नका. पहिलं ऊन पुलाच्या मनोऱ्याच्या टोकाला लागतं, 280 फुटांवर, आणि मग हळूहळू खाली उतरतं. खाली माणसं अजून निळसर सावलीत आणि वर लोखंड सोनेरी, हा दहा-पंधरा मिनिटांचा खेळ मला या पुलाचा सगळ्यात चांगला उजेड वाटतो. धुकं असलं तर मात्र यातलं काहीही दिसणार नाही. डिसेंबरात धुकं पडतं. एकदा तर मी पुलाच्या पोटाशी उभा असून मला पलीकडचा मनोरा दिसेना. अशा वेळी पूल विसरा, फुलं काढा.

पायऱ्यांवरून एक इशारा. हुगळीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर गाळ राहतो, शेवाळासारखा निसरडा. आणि काही दिवशी भरतीची लाट नदीतून वर चढत येते, तिला तिकडे बान म्हणतात. घाटावरची माणसं वर सरकायला लागली की तुम्हीही विचारत न बसता वर सरका. बाबांना सुक्या पायरीच्या खाली उतरू देऊ नका. पाणी गढूळ आणि सतत वाहतं, त्यामुळे पाण्यात पुलाचं स्वच्छ प्रतिबिंब वगैरे मिळेल या आशेवर राहू नका.

ऊन वर आलं की फेरी. हावडा घाटावरून दोन प्रकारच्या लाँच धरता येतात. फेअरली किंवा बाबूघाटाकडे जाणारी दक्षिणेला जाते, तीत मागच्या टोकाला उभं राहिलात की पूल हळूहळू लहान होत होत पूर्ण चौकटीत मावतो. वर सांगितलेला साडेपाचशे मीटरचा हिशेब इथं आपोआप सुटतो. बागबाजारकडे जाणारी लाँच मात्र पुलाच्या खालून जाते. ती चुकवू नका. डोक्यावरून रस्त्याचं पोट जातं आणि त्या 457 मीटरमधे एकही खांब नाही हे तेव्हा अंगावर येतं. लाँच थरथरते, म्हणून शटर 1/500 च्या वर, आणि कोपर कठड्याला टेकवू नका, थरथर हातात येते. तिकीट किरकोळ असतं, सुटे पैसे ठेवा.

दक्षिणेला तारांनी तोललेला जो दुसरा पूल दिसतो तो विद्यासागर सेतू, 1992 चा. बाबा विचारतील हा कोणता म्हणून सांगितलं. नेटवर दोन्हींच्या फोटोंची सरमिसळ होते.

मोबाइलबद्दल दोनच गोष्टी. पॅनोरामा काढू नका, सरळ पूल धनुष्यासारखा वाकतो. आणि दिव्यांवर फोटोत काळे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 करा, जातात.

पूल 3 फेब्रुवारी 1943 ला खुला झाला, तो गाजावाजा न करता. महायुद्ध चालू होतं, जपानी विमानांची धास्ती होती. त्याआधी तिथं 1874 चा तरंगता पूल होता, जहाज आलं की मधला भाग उघडावा लागायचा. 1965 मध्ये त्याला रवींद्र सेतू नाव दिलं, पण हे नाव सांगून रिक्षावाल्याला विचाराल तर तो क्षणभर थांबेल. बाबांना सांगायला एक आकडा मी मुद्दाम पाठ ठेवला आहे: 1946 च्या गणनेत रोज 27,400 वाहनं, 1,21,100 पायी माणसं आणि 2,997 जनावरं या पुलावरून जात होती. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाहनांचं काही वाटलं नाही. "जनावरं मोजत बसला कोन?" एवढंच विचारलं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या धंद्यातलं. पुलाचे फोटो तुम्हाला हजार मिळतील, बाबांचा पुलासोबतचा एकच निघेल. तो पहिल्या दिवशी सव्वाचारला हावड्याच्या काठावर काढा. ऊन खाली आलेलं असतं, पूल मागं उजळलेला असतो. बाबांना कठड्याजवळ उभं करून तुम्ही आठ-दहा फूट मागं या, लेन्स 35 च्या आसपास. त्यांना मधोमध उभं करू नका, चौकटीच्या एका बाजूला घ्या म्हणजे दुसऱ्या बाजूला पूल पसरेल. पुलाची आडवी रेघ त्यांच्या मानेतून किंवा कानातून जाता कामा नये. कॅमेरा थोडा खाली-वर करून ती रेघ खांद्याच्या खाली आणा. टोपी आणि दुपट्टा पांढरा असतो, कॅमेरा त्यालाही भुलतो, म्हणून बोटानं चेहऱ्यावर फोकस धरा. ऊन डोळ्यात गेलं तर त्यांना थोडं नदीकडे वळवा.

"बाबा, इकडे पाहा" म्हणू नका. तसं म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधार कार्डासारखा उभा राहतो. कापसाला यंदा काय भाव निघाला ते विचारा आणि त्यांना बोलू द्या. बोलता बोलता ते कधीतरी आपसूक पुलाकडे वळून पाहतील. तुमचं बोट तेव्हा बटणावर असलं पाहिजे.

परत आलात की फाइल घेऊन आर्वीला या, 12 बाय 18 चा प्रिंट मी काढून देतो. माझा तो 36 चा रोल अजून दुकानाच्या खणात आहे, तोही पाहून जा.